श्वासाचा दर

पावलाला रुपया, शिंकेला शंभर, पापणी लवली की पाच पैसे, नाहीतर श्वासाला दहा पैसे. यांतलं एकच मिळणार असेल तर काय घ्याल? मुलांना हा प्रश्न घातला की ती लगेच हिशेबाला लागतात आणि चलाख मूल श्वास मागतं. मिनिटाला पंधरा धरले तर दिवसाचे २१,६०० श्वास होतात. श्वासालाच जप मानणाऱ्या अजपाजपाच्या परंपरेतही हाच आकडा आहे. दहा पैशांनी २,१६० रुपये झाले. पावलांचे याहून जास्तही होतील, पण श्वासाचं तसं नाही: पाय दुखले, ताप आला, झोप लागली, तरी कमाई चालूच.

आमच्या नगर जिल्ह्यात, म्हणजे आताच्या अहिल्यानगरमध्ये, अंगाच्या हालचाली मोजून पोट भरणारी माणसं पिढ्यान्‌पिढ्या आहेत. त्यांच्यापुढे श्वासाचा पर्याय कुणी कधी ठेवला नाही.

संगमनेरला आणि नगर शहरात बायका विड्या वळतात. मांडीवर सूप. भिजवून मऊ केलेलं तेंदूचं पान पत्र्याच्या मापानं कापायचं, चिमूटभर तंबाखू पसरायची, वळायचं, तोंड दुमडायचं, दोरा गुंडाळायचा. एका विडीला निदान पाच हालचाली आणि मजुरी हजारावर. म्हणजे पाच हजार हालचाली झाल्या की एक दर पदरात. त्यातून छाट, म्हणजे नापास ठरवलेल्या विड्या, निघाली तर तेवढे कष्ट वाया. मुलांच्या खेळात मोजणार कोण, हे कुणी विचारत नाही. इथे सगळं त्यावरच अडतं. १९६६च्या विडी कामगार कायद्यानं घरी वळणाऱ्या बाईलाही कामगार मानलं, रजा दिली, छाटीच्या तंट्याची दाद मागायची सोय केली. हे लहान काम नव्हे.

उसाच्या फडात तेवढंही नाही. महाराष्ट्रातल्या सहकारी साखर कारखानदारीची सुरुवात याच जिल्ह्यात, प्रवरानगरला झाली. पाथर्डी-शेवगावची माणसं मात्र दर हिवाळ्यात कोयता घेऊन घर सोडतात. नवरा-बायको मिळून एक कोयता, मुकादमाकडून घेतलेली आगाऊ उचल दोघांच्या नावे, मजुरी टनावर. बाई वाकते, तोडते, पाचट काढते, मोळी बांधते, डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकमध्ये चढते. वजनकाट्यावर उतरतो तो फक्त ऊस. पाणी प्यायला थांबणं, लेकराला पाजणं, पाळीच्या दिवशी कंबर टेकणं, याला दर नाही. दिवस बुडाला तर उलट खाडा, म्हणजे दंड, भरायचा. शेजारच्या बीडमध्ये ऊसतोड करणाऱ्या कितीतरी बायकांनी गर्भाशयं काढून घेतल्याचं २०१९मध्ये गाजलं, सरकारला चौकशी समिती नेमावी लागली. थांबणं परवडत नाही म्हणून बाई शरीराचा अवयवच काढून टाकायला तयार होते, यात मला त्या बाईची अडाणी समजूत दिसत नाही. मजुरीची ही रीतच तिला तिथवर नेते.

जानेवारी २०२४मध्ये तोडणीचा दर ३४ टक्क्यांनी वाढला. संघटनांनी झगडून मिळवलेली वाढ आहे, तिचं मोल आहेच. पण दर कितीही वाढला तरी तो चालत्या हाताचाच. मुलाला श्वास का हवा असतो? कारण त्यात विसाव्याचेही पैसे असतात. तीच मागणी फडातही रास्त आहे. पुढच्या करारात टनाच्या दरासोबत आठवड्याची भरपगारी सुट्टी, पाळीची रजा आणि बाळंतपणाची मजुरी लिहिली जावी, खाडा बंद व्हावा, आणि हे पैसे मुकादमाच्या हाती न पडता कारखान्याकडून थेट बाईच्या खात्यात जावेत.