शेजारच्या घरातील काळ

मागील पावसाळ्यात वाशिंद येथील आमच्या वडिलोपार्जित घरी काही दिवस राहण्याचा योग आला. ओसरीवर शेजारच्या मुलींनी भातुकली मांडली होती, आणि आत आमचा पुतण्या 'द सिम्स २' हा संगणकावरील खेळ घेऊन बसला होता. दोन्ही खेळ संसाराचेच. परंतु भातुकलीतील नवरा रुसून उठून जाऊ शकतो, संगणकातील नवऱ्याच्या मनात आलेले काम मात्र खेळणाराला एका टिचकीने रद्द करता येते. दुसऱ्याचे आयुष्य असे हाती आले असता मनुष्य त्यातून काय शिकतो, हा प्रश्न वाटतो तितका पोरकट नाही.

या खेळाचा जनक विल राइट. त्याचे घर १९९१ साली कॅलिफोर्नियातील ओकलंडच्या वणव्यात जळाले, आणि मोडलेला संसार पुन्हा जमविण्याच्या त्या अनुभवातून ही कल्पना वाढली. २००० साली निघालेल्या पहिल्या खेळातील माणसे खात, झोपत, नोकरीस जात. पण मूल कधी मोठे होत नसे आणि प्रौढाला वार्धक्य येत नसे. २००४ सालच्या उत्तरभागाने त्यांस वय दिले, वार्धक्याने येणारा मृत्यू दिला, आईबापांचा चेहरामोहरा मुलांत उतरविला. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे त्यांस स्मृती दिली.

आमच्या मते या उत्तरभागाचे मोठेपण येथेच आहे. भवभूतीने 'महावीरचरित' लिहिल्यावर 'उत्तररामचरित' रचले, व त्याच्या आरंभीच रामसीतेला गतायुष्याची चित्रे पाहावयास लावली. उत्तरकथेने नवे पराक्रम सांगितलेच पाहिजेत असे नाही. जे घडून गेले त्याचे ओझे पात्रांच्या खांद्यावर तिने ठेविले पाहिजे. संगणकातील बाहुल्यांना ते ओझे लाभले, म्हणूनच त्यांच्याविषयी थोडी माया वाटते.

दोषही लहान नाहीत. इच्छा पुरत गेल्या की गुण साठतात, आणि त्या गुणांच्या मोबदल्यात आयुष्य वाढविणारे पेय मिळते. ययातीने पुत्राचे तारुण्य मागून घेतले, तरी भोगाने वासना शमत नाही एवढे तरी त्यास अखेर कळले. येथे जितका भोग तितके आयुष्य, असा उलटाच हिशेब आहे. नोकरीचे चित्रही तसेच अपुरे. गाडी दाराशी येते, कर्ता पुरुष दिसेनासा होतो, आणि काही वेळाने पगार घेऊन परततो. मधल्या वेळी त्याने काय सोसले ते कोणीच पाहत नाही. पहाटेच्या लोकलने मुंबईकडे जाणाऱ्या वाशिंदकरांच्या मुलांना बापाचे आयुष्य असेच दिसत असेल.

परंतु सर्वांत मोठा दोष पुतण्याने दाखविला. ज्या घरात आपण खेळतो तेथेच काळ चालतो. शेजारची घरे जशीच्या तशी थांबून राहतात. आपल्या घरातील मूल म्हातारे होईल, पण त्याचा बालमित्र पलीकडे अजून शाळेतच! २००९ सालच्या तिसऱ्या भागात सारे गाव एकदम वयाने वाढू लागले. परंतु आपल्या मागे शेजाऱ्यांच्या घरी परस्पर घटना घडाव्यात हे पुष्कळांस रुचले नाही. ती योजना बंद ठेवण्याची सोयही त्या खेळात आहे. आपण पाहू तेवढेच जग जगावे, ही इच्छा केवळ खेळणाऱ्या मुलांचीच आहे असे कोणी समजू नये.

आम्ही मुंबईस राहतो. वाशिंदचे अंतर लोकलने दोन तासांचेही नाही, तरी दिवाळीखेरीज तेथे जाणे होत नाही. आमची आत्या दर वेळी दारात उभी असे आणि एकच प्रश्न विचारी, "गाडीला गर्दी होती का रे?" प्रश्न बदलला नाही, म्हणून आत्याही बदलली नाही असे आम्ही धरून चाललो. या खेपेस तिने चौकट चाचपीत पाऊल टाकले, आणि आम्ही बोललो तेव्हा कोठे आम्हांस ओळखले. तिची दृष्टी दोन वर्षांपासून जात चालली होती.

त्या रात्री आम्ही पुतण्याला विचारले, "शेजारी मागे पडतात, त्यावर तू काय करतोस?" तो सहज म्हणाला, "काका, मी आळीपाळीने प्रत्येक घरी जातो. म्हणजे सगळ्यांची वयं बरोबर राहतात."

खेळातील घरे तरी आपल्यासाठी थांबून राहतात, आणि तरीही तो मुलगा त्यांच्याकडे नेमाने जातो.