वाट दाखवणाऱ्याचा वाटा

मे महिन्याच्या शेवटी आम्ही चौघी मैत्रिणी दिग्गीला गेलो. काळी नदीचा उगम बघायचा, एवढंच निमित्त. जोयडा तालुक्याच्या अगदी टोकाला, गोव्याच्या हद्दीला टेकलेलं हे गाव. याच डोंगरात नदी निघते आणि खाली सुप्याच्या धरणात तिचा समुद्र होतो. पाऊस लागला की दिग्गीची वाट अवघड होते, म्हणून घाई केली.

उतरलो ते एका कुणबी बाईंच्या घरी. सारवलेलं अंगण, मागं काजू आणि फणस. आम्ही आपलं पाणी गाळायचं फडकं, चाळलेलं पीठ, डाळ-तांदूळ, सगळं बांधून नेलेलं. जोयड्याचे कुणबी कंदांसाठी नावाजलेले. त्या बाईंनी मोठ्या प्रेमानं उकडलेले कंद पुढं ठेवले आणि आम्ही चौघींनी हात मागं घेतला. ‘आम्ही जमिनीखालचं खात नाही’ म्हटल्यावर त्या हसल्याच. म्हणाल्या, ‘मग तुम्ही जगता तरी कशावर?’ सूर्य मावळायच्या आत आमचं जेवण उरकलं, तेव्हा मात्र त्यांनी काही विचारलं नाही. दिव्याची चणचण ज्यांनी पाहिली आहे त्यांना लवकर जेवण्याचं नवल नसतं.

त्यांचा मुलगा घरी आला होता. पणजीत कामाला. काय काम करतोस विचारलं तर जरा घुटमळला, मग म्हणाला, ‘मावशी, मी लोकांना फिरवतो.’

मला वाटलं चर्च, देवळं, मांडवीचा काठ. पण तो फिरवतो दारूच्या दुकानांतून. संध्याकाळी सात वाजता आठ-दहा पाहुणे गोळा करायचे आणि जुन्या पणजीतल्या मळा भागातल्या, ज्याला फोंतायन्हस म्हणतात, त्या बोळांतून चालत न्यायचे. तीन-चार जुन्या तावेर्नांत थांबायचं. प्रत्येक ठिकाणी एक-एक पेला, थोडं खाणं, आणि गोष्ट. काजू पोर्तुगिजांनी ब्राझीलहून कसा आणला, बोंडं तुडवून रस कसा काढतात, तो रस आंबला की भट्टीवर पहिला उराक आणि मग फेणी कशी उतरते. फेणीला 2009 साली भौगोलिक मानांकन मिळालं, 2016 साली गोवा सरकारनं तिला वारसा पेय म्हणून जाहीर केलं, हेही तो सांगतो. छान सांगतो. मी कधी दारूच्या वासालाही न थांबलेली बाई, पण ऐकत बसले.

‘तू घेतोस?’

‘नाही. बाबा त्यातच गेले.’

आई चुलीपाशी होती. तिनं वळून पाहिलं नाही. नुसतं म्हणाली, ‘आनी कितें करतलो तो?’ दुसरं काय करणार तो?

रात्री झोपायच्या आधी मुलानं मला सरळ विचारलं. ‘मावशी, तुमच्या धर्मात दारूला हात लावत नाहीत ना? मी तर पीत नाही, विकत नाही. फक्त वाट दाखवतो. मग मला पाप लागतं का?’

मैत्रिणींनो, लहानपणापासून बस्तीत प्रवचनं ऐकली, पाठशाळेत उत्तरं पाठ केली. मद्य, मांस, मधु यांचा त्याग हे श्रावकाच्या मूलगुणांतलं अगदी पहिलं पाऊल. सप्त व्यसनांत मद्य आहेच. उत्तर जिभेवर तयार होतं. पण समोर बाप गमावलेलं पोर होतं. मी म्हटलं, ‘विचार करून सांगते.’ आणि खरंच विचार करावा लागला.

आपल्या शास्त्रात ‘मी केलं नाही’ एवढ्यानं सुटका होत नाही. स्वतः करणं ते कृत, दुसऱ्याकडून करवणं ते कारित, आणि दुसऱ्यानं केलेल्याला मनातून बरं म्हणणं ते अनुमोदन. हे तिन्ही मनानं, वाणीनं आणि कायेनं. शिवाय संरंभ, समारंभ, आरंभ, म्हणजे ठरवणं, साधनं जुळवणं आणि सुरू करणं. त्यांना क्रोध, मान, माया, लोभ या चार कषायांनी गुणा. तीन त्रिक नऊ, नऊ त्रिक सत्तावीस, सत्तावीस चोक एकशे आठ. आपल्या जपमाळेत 108 मणी का, तर पाप आत यायला तेवढी दारं आहेत म्हणून. आपण माळ ओढतो बोटांनी. एकेका मण्याला ‘हे दार माझं उघडं आहे का’ असं कधी विचारलं आहे?

या हिशेबानं त्या मुलाचं दार उघडं आहे, हे मला नाकारता येत नाही. तो साधनं जुळवतो, वाणीनं वर्णन करतो, लोभानं नसलं तरी पोटासाठी करवतो. खरं म्हणजे त्यालाही हे कळतं. कळत नसतं तर त्यानं विचारलंच नसतं.

पण मग दुसरी गोष्ट आठवली आणि मी जरा गप्प झाले.

माझी भाची नोकरीसाठी टोकियोत असते. मागच्या वर्षी आपल्याच समाजातले काही नातेवाईक जपानची सहल करायला गेले. सोबत स्वतःचा आचारी, कांदा-लसूण नाही, बटाटा नाही, सगळं शुद्ध. आणि एका रात्री शिंजुकूची बार-सफर. काबुकिचो नावाची रात्रभर जागणारी वस्ती आहे तिथं. नाव नाटकावरून पडलं, काबुकी नाट्यगृह बांधायचं होतं म्हणून. ते नाट्यगृह कधी झालंच नाही, नाव तेवढं राहिलं. तिला लागून गोल्डन गाय म्हणून अरुंद बोळ आहेत. त्यात दोनशेहून जास्त इवलेसे बार, कित्येकांत सात-आठ माणसं बसली की दार लावायची वेळ. युद्धानंतरच्या काळ्या बाजारातून ही वस्ती उभी राहिली. पुढं तिथं बायकांच्या देहाचा बाजारही चालला, तो 1958 साली कायद्यानं बंद झाला. आता वाटाड्या परदेशी पाहुण्यांना तीन-चार ठिकाणी नेतो, रीतभात सांगतो, बसायचे पैसे वेगळे का लागतात ते समजावतो.

आपल्या मंडळींनी भाचीला दुभाषी म्हणून बरोबर नेलं. कुणी प्याले नाहीत. संत्र्याचा रस घेतला, फोटो काढले, शेजारी झिंगलेल्या माणसाकडं बघून हसले. भाची फोनवर म्हणाली, ‘मावशी, ते म्हणत होते, आम्ही फक्त बघायला आलो. पण त्या बारवालीच्या सात खुर्च्यांपैकी पाच आम्ही अडवल्या होत्या. दिवसभर राबून रोज येणारा तिचा म्हातारा गिऱ्हाईक दारातून परत गेला. मला फार ओशाळं वाटलं.’

आता सांगा, अनुमोदन कुणाचं मोठं? दिग्गीच्या मुलाचं, की पैसे मोजून मौज म्हणून बघायला गेलेल्यांचं? पीत नाही म्हणून आपण कोरडे राहिलो असं त्यांना वाटलं. पण दुसऱ्याचं भान सुटणं हा ज्यांना तमाशा वाटतो, त्यांचंही काहीतरी सुटलेलंच असतं. आचार्यांनी हिंसेचं मूळ प्रमादात सांगितलं आहे. प्रमाद म्हणजे बेसावधपणा. मद्य वाईट का, तर एक म्हणजे आंबलेल्या रसात असंख्य जीव जन्मतात आणि मरतात, आणि दुसरं म्हणजे ते माणसाचं भान घालवतं आणि भान गेलेला धर्म विसरतो. पण भान घालवायला मद्यच लागतं असं नाही. शुद्ध जेवणाचा अभिमानही ते घालवतो.

दिग्गीचा मुलगा सांगत होता, तो प्रत्येकाचे पेले मोजतो. कुणी फार घेतली तर पुढच्या दुकानात त्याला लिंबूपाणी सांगतो. गाडी चालवायला देत नाही, मुक्कामाच्या दारापर्यंत सोडून येतो. एकदा पाहुणा चिडला आणि त्या रात्रीची बक्षिशी गेली. ‘बाबांना कुणी घरी सोडलं नव्हतं’, एवढंच तो म्हणाला. हे पोर त्या बोळात जागं असतं. त्याच्या कामात पाप आहे असं म्हणायचं, तर ही जागृती कुठल्या खात्यात मांडायची?

मी इथं थांबले असते तर लेख सोपा झाला असता. बिचारा गरीब मुलगा, ढोंगी श्रीमंत प्रवासी. पण प्रश्न आणखी एका घरात शिरला, आणि ते घर माझं.

आमचा तीन एकर ऊस आहे. आपल्यापैकी कितीतरी घरांचा आहे. शिरोळ, हातकणंगले, चिकोडी, अथणी, सगळीकडं आपली माणसं उसावर उभी आहेत. एक टन ऊस गाळला की साखरेशिवाय साधारण 40 किलो मळी निघते. एक टन मळीतून 250 लिटरच्या आसपास अल्कोहोल होतं. म्हणजे टनामागं दहा लिटर. एकरी 40 टन धरले तर आमच्या तीन एकरांतून बाराशे लिटर. त्यातलं काही पेट्रोलमध्ये मिसळायला जातं, काही औषधांना, रसायनांना. आणि काही देशी दारूच्या बाटलीत जातं. कुठला थेंब कुठं गेला हे कुणी सांगू शकत नाही. उसाच्या बिलात मळीचा पैसा असतोच, आणि त्या बिलातून आम्ही पंचकल्याणकाला देणगी देतो.

पणजीत तो मुलगा एका संध्याकाळी दहा माणसांना किती पाजत असेल? दोन लिटर? तीन?

श्वेतांबर परंपरेत पंधरा कर्मादानं सांगितली आहेत, श्रावकानं टाळायचे धंदे. त्यात रसवाणिज्य येतं. दिगंबर ग्रंथांतही अशा खरकर्मांची चर्चा आहे. आपण ते वाचतो आणि म्हणतो, आपलं काही दारूचं दुकान नाही. दुकान नाहीच. आपण फक्त ऊस घालतो. त्या मुलाचं वाक्य आणि माझं वाक्य यांत मला फारसा फरक दिसेना. तो म्हणतो, फक्त वाट दाखवतो. मी म्हणते, फक्त ऊस घालते. फरक असलाच तर एवढा, की त्यानं प्रश्न विचारला.

गृहस्थाच्या हिंसेचे चार प्रकार आपण शिकलो. संकल्पी, आरंभी, उद्योगी, विरोधी. जाणूनबुजून, मारायच्या हेतूनं केलेली संकल्पी हिंसा गृहस्थानं पूर्ण सोडायची. उद्योगातली मात्र होता होईल तेवढी कमी करायची. या ‘होता होईल तेवढी’ मध्ये सगळं आलं. ज्याला जितक्या वाटा मोकळ्या, त्याच्यावर तितका भार. दिग्गीत पावसाळ्यात दवाखान्याला जायची वाट धड नाही. जोयड्याचे कुणबी कितीतरी वर्षं अनुसूचित जमातीचा दर्जा मागत आहेत. गोव्यातल्या गावडा-कुणबी-वेळीपांना तो 2003 साली मिळाला, सीमेच्या अलीकडच्यांना नाही. शिकायला बाहेर, कामाला बाहेर. त्या मुलासमोर वाटा दोन नाहीतर तीन. माझ्यासमोर? मुलं शिकलेली, शेत पाण्याखालचं, घर पक्कं. मला उसाऐवजी दुसरं पीक घेऊन बघता येतं. तोटा होईल, पण उपाशी राहणार नाही. म्हणून मापात माझाच वाटा मोठा भरतो.

याचा अर्थ दारूचं पाप हलकं झालं असा कुणी काढू नये. महाराष्ट्रात गावोगाव बायांनी उन्हात रांगा लावून बाटली आडवी केली, ती काही चर्चेचा विषय म्हणून नाही. मार खाऊन, दागिने मोडून केली. त्या बायांचा आणि दिग्गीच्या त्या माउलीचा अनुभव एकच आहे. पण आडव्या बाटलीला मत देणारी बाई कुठल्याच ग्रंथाचा आधार न घेता जे जाणते, ते मी 108 मण्यांची माळ ओढून विसरले होते.

गावी आल्यावर मी यजमानांपाशी विषय काढला. ते म्हणाले, ‘सगळ्या जगाचा हिशेब तूच करणार का?’ मी म्हटलं, ‘नाही, तीन एकरांचा.’ ते काही बोलले नाहीत. चार दिवसांनी स्वतःच म्हणाले, खोडवा निघाल्यावर एक एकर हरभऱ्याला देऊन बघू. एक एकर म्हणजे काही मोठा त्याग नाही. बाकी दोन एकर अजून तिथंच आहेत, आणि रोज संध्याकाळी प्रतिक्रमणाला बसते तेव्हा त्यांची आठवण होते. पूर्वी होत नव्हती.

त्या मुलाला फोन केला. म्हटलं, ‘तू विचारलंस त्याचं उत्तर देते. वाटा लागतो. तुलाही लागतो आणि मलाही लागतो, माझा जास्त. दुसरं काम मिळालं तर घे. मिळेपर्यंत पेले मोजणं सोडू नकोस.’

तो थोडा वेळ गप्प होता. मग म्हणाला, ‘आईला सांगतो.’ आणि विचारलं, पुढच्या वर्षी पाऊस संपल्यावर याल ना, आई म्हणत होती, तुमच्यासाठी जमिनीवरचं काहीतरी लावून ठेवते.

परसात तिनं दुधी लावला आहे म्हणे.