जनावराचा जीव जाणणे

नीतिसूत्रांच्या बाराव्या अध्यायातील दहावे वचन आपल्या मंडळ्यांतून फारसे वाचले जात नाही. नीतिमान मनुष्य कसा ओळखावा, हा तेथील विषय आहे. त्याची प्रार्थना किती लांब, त्याचे दान किती मोठे, याचा तेथे उल्लेख नाही. तो आपल्या जनावराशी कसा वागतो, एवढेच पाहिले आहे. मूळ इब्री भाषेत तेथे जे क्रियापद योजले आहे, त्याचा सरळ अर्थ 'जाणणे' असा होतो. नीतिमान मनुष्य आपल्या पशूचा जीव जाणतो. आणि लगेच वचनाच्या उत्तरार्धात एक इशारा आहे: दुष्टाच्या अंतःकरणात जो कोमलपणा असतो त्यातूनही अखेर निर्दयपणाच निपजतो.

यातून एक प्रश्न उभा राहतो. दया असली म्हणजे पुरे, की दयेबरोबर जाणही हवी? ज्याच्यावर दया करावयाची त्याची घडण न जाणता केलेली दया देवापुढे दया ठरेल काय? हा प्रश्न आम्ही येथे एका साध्या गोष्टीच्या आधाराने तपासून पाहणार आहोत. ती गोष्ट म्हणजे जनावराचे खाणे आणि त्याचे पोट.

गाय, म्हैस, शेळी, मेंढी ही रवंथ करणारी जनावरे. त्यांच्या पोटाला चार कप्पे असतात. त्यांतील पहिला कप्पा, ज्याला कोठीपोट म्हणतात, तो मोठ्या गाईत शंभर लिटरांहूनही अधिक मावेल एवढा असतो. गवत, कडबा, पाचोळा यांतील तंतू पचविण्याचे सामर्थ्य आपल्या पोटात नाही, आणि खरे पाहता ते गाईच्या स्वतःच्या अंगीही नाही. ते काम कोठीपोटात राहणारे कोट्यवधी सूक्ष्म जीव करतात. ते तंतू आंबवितात, त्यातून सौम्य आम्ले निर्माण होतात, ती पोटाच्या भिंतीतूनच रक्तात शोषली जातात, आणि गाईला लागणाऱ्या शक्तीचा मोठा भाग त्यांतून मिळतो. पुढे हेच सूक्ष्म जीव चौथ्या कप्प्यात आणि आतड्यात जाऊन स्वतः पचतात व गाईला प्रथिने पुरवितात. म्हणजे गाईला चारताना आपण आधी तिच्या पोटातील या अदृश्य कुटुंबाला चारीत असतो. गाय दिवसाकाठी सहा ते आठ तास रवंथ करते व शंभर लिटरांच्या आसपास लाळ गिळते. ही लाळ पोटातील आम्लता ताब्यात ठेवते. म्हणूनच जनावराने रवंथ सोडली की जाणता शेतकरी लगेच म्हणतो, काहीतरी बिघडले आहे.

उत्पत्तीच्या पहिल्या अध्यायात देवाने पशूंना हिरवी वनस्पती अन्न म्हणून नेमून दिल्याचे सांगितले आहे. ती नेमणूक या चार कप्प्यांत आजही दिसते. मनुष्याला जे खाता येत नाही ते खाऊन ही जनावरे मनुष्याला दूध देतात, शेताला खत देतात, नांगर ओढतात. एका बांधावरचे गवत आणि दुसऱ्या बांधावरचे धान्य, अशी देवाने दोघांची ताटे वेगळी वाढली आहेत. मनुष्य उपाशी असता जनावरांची चिंता कशाला, असे विचारणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे. जनावराला त्याचे स्वतःचे अन्न मिळाले तर ते गरिबाच्या ताटातले काही घेत नाही.

आता आपल्याकडील एक नित्याचा प्रसंग घेऊ. लग्न असो, बारसे असो, की मंडळीचे प्रीतिभोजन असो, शेवटी पातेल्यात भात उरतो, पुऱ्या उरतात, गोड पदार्थ उरतात. अन्न टाकणे पाप, असे आपण लहानपणापासून शिकलो आहोत. मग कोणीतरी सुचवितो, "गाईला घाला, मुक्या जिवाला मिळेल." घमेली भरून भात समोर ठेवला जातो. जनावर ते आवडीने खाते, आणि पाहणाऱ्याला समाधान वाटते.

पण कोठीपोटात काय होते? भात, पोळी, साखर हे पदार्थ तंतूंप्रमाणे सावकाश आंबत नाहीत. ते झपाट्याने आंबतात. तीव्र आम्ल तयार होते. तंतू पचविणारे उपयोगी जीव त्या आम्लात मरतात. रक्तातील पाणी पोटात ओढले जाते आणि पोट भरलेले असतानाच जनावराचे अंग सुकू लागते. रवंथ थांबते, ते झोकांड्या खाते, खाली बसते. वेळीच पशुवैद्य मिळाला नाही तर एक-दोन दिवसांत दगावते. समारंभानंतर जनावरे अशी आजारी पडणे पशुवैद्यांना नवे नाही. एखाद्या पोळीने हे होत नाही. अंगवळणी नसलेले अन्न अचानक आणि पुष्कळ दिल्याने हे होते. त्या पोटाला नव्या खाद्याची सवय व्हायला दोन-तीन आठवडे लागतात.

येथे कोणाचा हेतू वाईट नव्हता. तरीही ज्याच्यावर दया केली तो जीव गेला. मग दोष कोणाचा? ज्याला कळण्याचा काही मार्गच नव्हता त्याला कोणी दोषी म्हणणार नाही. पण ज्याला विचारता आले असते, आणि ज्याने विचारले नाही, त्याचे काय? आम्हांला वाटते की नीतिसूत्रकाराचे बोट नेमके येथे आहे. ज्याचा सांभाळ आपल्या हाती आहे त्याच्याविषयी विचारून घेणे, हा सांभाळाचाच भाग आहे.

हीच गोष्ट एका मोठ्या देशात, मोठ्या प्रमाणावर घडलेली आहे. नोव्हेंबर १९८६ मध्ये ब्रिटनमध्ये गाईंच्या मेंदूचा एक नवा रोग ओळखला गेला. गाई थरथरत, बुजत, तोल जाऊन पडत. त्यांचा मेंदू स्पंजासारखा सच्छिद्र झालेला आढळे. शोध घेता कारण खाद्यात सापडले. कत्तलखान्यांत उरलेले मांस व हाडे शिजवून, दळून त्यांची भुकटी केली जाई, आणि स्वस्त प्रथिन म्हणून ती दुभत्या गाईंच्या व वासरांच्या खुराकात मिसळली जाई. गवत खाणाऱ्या जनावराला दुसऱ्या जनावराचे अवशेष, त्याच्याच जातीचे अवशेषदेखील, खाऊ घातले जात होते. रोग उत्पन्न करणारे द्रव्य शिजवून नष्ट होत नव्हते आणि पचनानेही मोडत नव्हते. जुलै १९८८ मध्ये तेथे असे खाद्य देण्यास बंदी झाली, पण तोवर रोग सर्वत्र पसरला होता. एक लाख ऐंशी हजारांहून अधिक गाईंना तो झाल्याचे नोंदले गेले. २० मार्च १९९६ रोजी सरकारने संसदेत सांगितले की माणसांत दिसू लागलेल्या एका जीवघेण्या मेंदूरोगाचा संबंध बहुधा याच्याशी आहे. त्या रोगाने ब्रिटनमध्ये पावणेदोनशेहून अधिक माणसे मरण पावली. पुढे लॉर्ड फिलिप्स यांच्या चौकशी समितीने २००० साली अहवाल दिला. जनावरांचे प्रथिन रवंथ करणाऱ्या जनावरांनाच पुन्हा चारण्याची ही रीत दशकानुदशके कोणी प्रश्न न करता चालली होती, असे त्या अहवालात आहे.

तेथे कोणी क्रूरपणाने गाईंना विष घातले नाही, आणि प्रीतिभोजनानंतर गाईला भात घालणाराही क्रूर नसतो. एकाने काटकसर केली, दुसऱ्याने दया केली. पण जवळून पाहिले तर दोन्हीकडे एक गोष्ट सारखी आहे. जे खाऊ घातले ते जनावराला हवे म्हणून घातले नाही. आपल्यापाशी उरले होते म्हणून घातले. नको असलेल्या वस्तूची वाट लावायला जनावराचे तोंड सोयीचे होते. आपण तिला काटकसर म्हणतो, किंवा पुण्य म्हणतो. दयेच्या नावाखाली आपली सोयच तर पाहिली जात नाही ना, हे प्रत्येकाने तपासावे. आणि ही कसोटी जनावरांपुरती नाही. गरिबाला फाटके कपडे देताना, अनाथालयात शिळे अन्न पाठविताना, त्याला काय हवे हे आपण विचारतो की आपल्याला काय नको हे पाहतो?

कोणी म्हणेल, करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या नवव्या अध्यायात पौलाने बैलाविषयीचा मोशेचा नियम घेऊन, देवाला बैलांचीच काळजी आहे काय, असे विचारले आहे. म्हणजे तो नियम माणसांसाठीच आहे. पण पौलाचा युक्तिवाद पाहा. मळणीच्या बैलाचेही तोंड बांधू नये असे देव सांगतो, तर शुभवर्तमानासाठी राबणाऱ्या सेवकाचा वाटा किती निश्चित असेल, असा तो चढता युक्तिवाद आहे. बैलाचा हक्क खोटा असेल तर सेवकाचा हक्कही उभा राहत नाही. पायरी काढून घेऊन वर चढता येत नाही.

ही जाण येते कोठून? पुष्कळशी आपल्या शेतकरी बंधुभगिनींपाशी आहेच. ज्वारीचा कोवळा फुटवा जनावराला विषारी होतो, हे त्यांना कोणा पुस्तकाने शिकविलेले नाही. काही नव्याने शिकावी लागते. बेळगावकडच्या ऊसपट्ट्यात गळिताच्या दिवसांत उसाचे वाढे फुकटात मिळतात, आणि कित्येक गोठ्यांत तोच मुख्य चारा होतो. वाढ्यांत ऑक्झलेट नावाचे द्रव्य असते. ते कॅल्शियमला धरून ठेवते, त्यामुळे ते आतड्यातून रक्तात शोषले जात नाही व शेणावाटे निघून जाते. गव्हाण भरलेली दिसते, पण खाल्लेले अंगी लागत नाही, आणि दूध व हाडे दोन्ही खालावतात. म्हणून वाढ्यांबरोबर दुसरी वैरण व क्षारमिश्रण द्यावे, असे पशुवैद्य सांगतात. पोट भरणे वेगळे आणि पोषण होणे वेगळे.

इंदूर, वडोदरा, हैदराबाद अशा शहरांतील आमचे वाचक म्हणतील, आमच्याकडे गोठा कोठे आहे? पण शिळे अन्न प्लास्टिकच्या पिशवीत बांधून कोपऱ्यावर टाकणारा हात शहरातलाच असतो. गाय जिभेने घास ओढते. ती पिशवी सोडवून अन्न वेगळे काढू शकत नाही. पिशवी कोठीपोटात जाते आणि तेथेच राहते, कारण ते सूक्ष्म जीव तिला मोडू शकत नाहीत. शस्त्रक्रिया करून एकेका गाईच्या पोटातून कित्येक किलो प्लास्टिक काढावे लागल्याची उदाहरणे आहेत.

संडे-स्कूलच्या शिक्षकांना आमची एक सूचना आहे. सृष्टीच्या धड्याच्या वेळी मुलांना रवंथ करणारी एखादी गाय दाखवावी, आणि तिच्या पोटात देवाने काय योजना केली आहे ते सांगावे. मुक्या प्राण्यांवर दया करा, एवढेच सांगून थांबू नये. दया करण्याआधी त्यांना जाणून घ्या, हेही सांगावे. आणि प्रीतिभोजनाची व्यवस्था पाहणाऱ्या भगिनींनी व वडीलजनांनी अंदाज बेताचा धरावा, उरलेले अन्न ताजे असतानाच गरजू माणसांकडे पोहोचवावे.

फिलिप्पैच्या मंडळीसाठी पौलाने जी प्रार्थना केली, तीत प्रीती वाढावी एवढेच मागणे नव्हते. ती ज्ञानाने व विवेकाने वाढावी असे मागणे होते. आपला प्रभूही आपल्याला दुरून कळवळणारा नाही. तो उत्तम मेंढपाळ आहे, तो आपली मेंढरे ओळखतो, आणि त्यांना काय मानवेल हे जाणून त्यांना कुरणात नेतो. ज्याने आपल्याला असे जाणले आहे, त्याच्या लोकांनी आपल्या हाती सोपविलेल्या जिवांना न जाणता कसे चालेल?