रजेवर असताना काय अडायचं?

कामावरून कमी केल्याची नोटीस हातात पडते, तेव्हा बरंच काही मोजून झालेलं असतं. औद्योगिक संबंध संहिता, २०२० प्रमाणे वर्षभर सलग नोकरी झालेल्या कामगाराला एक महिन्याची नोटीस किंवा तेवढा पगार, सेवेच्या प्रत्येक पूर्ण वर्षामागे १५ दिवसांच्या सरासरी वेतनाइतकी भरपाई आणि नवं कौशल्य शिकण्यासाठी आणखी १५ दिवसांचं वेतन मिळायला हवं. ग्रॅच्युइटी आणि भविष्यनिर्वाह निधीचा हिशेब वेगळा. पण एवढ्या वर्षांत माणूस काय शिकला, हे यातल्या कुठल्याच कागदावर नसतं. ते ज्याचं त्यालाच मांडावं लागतं आणि तिथे भलेभले अडखळतात. "इतकी वर्षं एकच काम केलं, मला दुसरं काही येत नाही," असं ते म्हणतात. हे अगदी मनापासून म्हटलेलं असतं, तरी बहुतेक वेळा खरं नसतं.

कुणी विचारलं की आपण आपलं पद सांगतो. पद म्हणजे कंपनीतल्या एका जागेचं नाव. जागा रद्द झाली की ते नावही जातं, आणि नावाबरोबर आपल्या अंगचं सगळंच गेलं असं वाटू लागतं. काहीजण पदाऐवजी कामांची यादी करतात: माल उतरवून घेणे, नोंदी ठेवणे, अहवाल देणे. पण असली यादी शेकडो अर्जांवर असते, त्यातून माणूस दिसत नाही. म्हणून स्वतःला तिसराच प्रश्न विचारावा: मी रजेवर असताना काय अडायचं?

भोसरीतल्या किंवा वाळूजमधल्या एखाद्या कारखान्याचं स्टोअर डोळ्यांसमोर आणा. टेम्पो दाराशी लागतो. चलनावर बेअरिंगचे दोनशे नग लिहिलेले असतात. स्टोअरकीपर खोकी उघडतो, नग मोजतो, पर्चेस ऑर्डरशी ताडून पाहतो. आठ नग कमी भरले तर ड्रायव्हरने कितीही घाई केली, तरी चलनावर तसा शेरा मारल्याशिवाय तो सही करत नाही. रॅकवर जुना माल पुढे घेतो, नवा मागे लावतो. बिन कार्डावर चाळीस नग शिल्लक दिसतात, पण रात्रपाळीने चिठ्ठी न देता काही उचलले असतील हे त्याला ठाऊक असतं. म्हणून मोजल्याशिवाय तो 'आहेत' म्हणत नाही. एक पुरवठादार चार दिवस सांगून दहा दिवस लावतो, तेव्हा त्याच्याकडची मागणी तो आधीच रेटतो.

हा माणूस पंधरा दिवस रजेवर गेला की काय होतं? बदलीवर आलेला दुसरा न मोजता सही करतो, महिनाअखेरीला हिशेब जुळत नाही. पन्नास रुपयांचं एक सील संपलेलं कुणाच्या लक्षात येत नाही आणि अख्खी लाइन थांबते. जे अडलं, ते नीट पाहिलं तर त्याचं कौशल्य हाती लागतं. कागद आणि रॅक यांतला फरक ओळखणं, टंचाई येण्याआधी तिची चाहूल घेणं, समोरचा घाई करत असताना आपल्या मोजणीवर ठाम राहणं. यातल्या एकाही गोष्टीचा बेअरिंगशी संबंध नाही. रुग्णालयाच्या भांडारात हेच लागतं. तिथे आधी आलेला माल आधी काढण्याऐवजी, ज्याची मुदत आधी संपते तो आधी काढायचा, एवढा नियम बदलतो. मोठ्या केटररच्या कोठीत किंवा ऑनलाइन विक्रीच्या गोदामातही हीच नजर कामाला येते.

कौशल्य असतं ते निर्णयात. जिथे आपण रोज काही ठरवत होतो आणि ते चुकलं असतं तर कुणाचं तरी नुकसान झालं असतं, तिथे ते शोधावं. हे निर्णय वर्षानुवर्षं इतके अंगवळणी पडतात की ते आपण घेतो हेही जाणवत नाही. म्हणून स्वतःपेक्षा शेजारच्या टेबलावरच्या माणसाला विचारावं. आपल्या रजेचा त्रास त्यानेच सोसलेला असतो.

मात्र सगळंच बरोबर येत नाही. अर्थशास्त्रज्ञ गॅरी बेकर यांनी १९६४ च्या आपल्या ग्रंथात कुठेही उपयोगी पडणारं शिक्षण आणि एकाच कंपनीत उपयोगी पडणारं शिक्षण असा भेद केला होता. कंपनीचे पार्ट नंबर पाठ असणं, कोणती सही कुणाकडून लवकर मिळते हे माहीत असणं, हे गेटपाशीच राहतं. काही दारं कायद्याने बंद असतात. स्टोअरकीपर औषधांचा साठा सांभाळू शकेल. पण चिठ्ठीवरची औषधं तयार करून द्यायला १९४८ च्या फार्मसी कायद्यानुसार नोंदणीकृत फार्मासिस्टच लागतो. काय येतं आणि काय नव्याने शिकावं लागेल, हे वेगळं काढलं की शिकायचा भाग बराच लहान उरतो.

अख्खा धंदाच बुडाला तरी हे लागू पडतं का? छापखान्यातला कंपोझिटर आठवा. डाव्या हातात स्टिक, समोर मात्रा आणि जोडाक्षरांच्या खणांची केस, आणि खिळ्यांवरची अक्षरं उलटी. डीटीपी आलं आणि केस, खिळे, स्टिक सगळं अडगळीत गेलं. पण लेखकाचं गिचमिड हस्ताक्षर लावणं, ऱ्हस्वदीर्घाची चूक चटकन दिसणं, ओळीत शब्द कसे बसतील याचा अंदाज असणं, हे खिळ्यांत नव्हतंच. ज्यांना हे उमगलं आणि ज्यांना संधी मिळाली, ते मुद्रितशोधक झाले किंवा पडद्यावर पानं लावू लागले.

'संधी मिळाली' हे शब्द महत्त्वाचे आहेत. १८ जानेवारी १९८२ ला मुंबईतल्या सुमारे अडीच लाख गिरणी कामगारांचा संप सुरू झाला आणि पुढे हजारो साचेवाल्यांची रोजी कायमची गेली. तुटला धागा क्षणात सांधणारे हात कुठे वॉचमन झाले, कुठे भाजीच्या गाडीवर आले. त्यांच्याकडे कौशल्य नव्हतं, असं म्हणणं अन्याय आहे. एका भागातला एकच धंदा एकदम बसला आणि त्यांची पारख करणारं कुणी समोर नव्हतं. आज प्रधानमंत्री कौशल्य विकास योजनेत आधीपासून येणाऱ्या कामाची परीक्षा घेऊन प्रमाणपत्र देण्याची सोय आहे. अशी सोय प्रत्येक कपातीच्या वेळी कामगारापर्यंत पोचायला हवी.

ती पोचेपर्यंत नोटिशीचा महिना हातचा जाऊ देऊ नये. अनुभवाच्या दाखल्यावर बहुधा पद आणि तारखा एवढंच लिहिलेलं असतं. तेवढ्यावर समाधान मानू नका. किती माल सांभाळला, कोणती घट थांबवली, कुणाला काम शिकवलं, हे त्यात लिहून मागा. साहेबांना तुमचं काम आठवतंय तोवरच ते लिहून मिळेल. नवी कंपनी जुनं पद पाहून फोन करत नाही. तिच्याकडे जे अडलंय, ते तुम्ही सोडवू शकता हे कळलं तर करते.