रुमालातले शेजारी

पुण्यात सदाशिव पेठेतल्या भारत इतिहास संशोधक मंडळात जुनी नाणी आहेत, ताम्रपट आहेत, चित्रे आहेत, हजारो पोथ्या आहेत. पाहुण्यांना दाखवायला तेवढे पुरते. मंडळाचे खरे भांडवल मात्र कापडी रुमालांत बांधून ठेवलेले आहे: सुमारे १५ लाख कागद, बहुतेक मोडी लिपीतले, काही फार्सी. एकाने रोज ५० कागद, एकही सुट्टी न घेता, वाचायचे ठरवले तरी ८२ वर्षे लागतील. त्यातही ५० हा आकडा उदारच म्हणायचा. घाईत खरडलेला एखादा कारकुनी बंद अख्खी सकाळ खातो.

इतिहासाचार्य राजवाडे आणि सरदार खंडेराव मेहेंदळे यांनी ७ जुलै १९१० रोजी मंडळ काढले, तेव्हा पेशवे दप्तर पुण्यातच होते, पण सरकारी कुलपात. एतद्देशीय अभ्यासकाला तिथे सहजासहजी शिरकाव नव्हता. वाडे, मठ, देशमुख-देशपांड्यांचे माळे हेच त्याचे दप्तरखाने. राजवाडे तर आधीपासूनच हिंडत होते. त्यांच्या ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड १८९८ सालचा. वाळवी लागण्याआधी, रद्दीत जाण्याआधी कागद हाती यावा, ही त्या पिढीची घाई होती. तिचे ऋण आपल्यावर आहे. पण त्या घाईने एक सवयही लावली. मोहिमेचे, तहाचे, दरबारी कारस्थानाचे पत्र उचलायचे आणि छापायचे. जमाखर्चाचा कागद पुन्हा गाठोड्यात. ही सवय आपल्याला महाग पडली, असे माझे मत आहे.

का, ते कागदाजवळ गेल्यावर कळते. पेशवाईतल्या पत्राच्या शेवटी ‘छ १५ रबिलावल’ असे काहीतरी असते. छ म्हणजे चंद्र, आणि महिना हिजरी. पुढे कारकुनाने कृपा केली असेल तर सुहूर सनही असतो, तोही अरबी संख्याशब्दांत: ‘इहिदे सबैन मया व अलफ’. एक, सत्तर, शंभर, हजार, म्हणजे ११७१. हे वर्ष मृगापासून सुरू होते, म्हणून इसवी सनाचे १७७०-७१. पण कित्येक पत्रांत साल नसतेच. लिहिणाऱ्याला आणि घेणाऱ्याला ते ठाऊक होते, मग शाई कशाला वाया घालवा? अशा पत्राचे साल ठरते ते जंत्रीने आणि शेजाऱ्यांवरून. त्याच रुमालात वैरणीचा हिशेब असतो, जासुदाला दिलेल्या रुपयांची नोंद असते, आणि हिशेबाला साल लागतेच. पत्र उचलून वेगळ्या फायलीत लावले, की तो शेजार तुटतो. मग त्याच पत्राच्या सालावरून दोन विद्वान आयुष्यभर भांडत बसतात. (आपल्याकडे ही परंपराही समृद्ध आहे.)

कोरड्या कागदाची ताकद आपण एकदा पाहिलेली आहे. कारीच्या जेध्यांच्या घरातली शकावली लोकमान्य टिळकांनी १९१६ मध्ये मंडळाच्या चतुर्थ संमेलनवृत्तात प्रसिद्ध केली. तिच्यात ना वर्णन, ना स्तुती. शक, तिथी, घडलेली गोष्ट, संपले. तिने शिवजन्माचे रूढ साल १६२७ वरून १६३० वर ओढले. तंजावरला सापडलेले परमानंदाचे शिवभारत १९२७ मध्ये छापून झाले आणि त्या काव्यानेही तेच साल सांगितले. तरी सरकारी कॅलेंडरवर १९ फेब्रुवारी १६३० यायला २००१ साल उजाडावे लागले. वादात पोवाडे, बखरी, भावना सगळे होते. हललेला काटा मात्र एका देशमुखी घराच्या टिपणवहीने हलवला.

एवढे होऊनही जमाखर्चाचे रुमाल मागणारा अभ्यासक विरळाच. पीएच.डी.ला विषय हवा असतो, विषयाला नायक हवा असतो. तेलाचा भाव दुष्काळात कसा चढला, गाव सोडून गेलेल्या कुळाच्या शेताचे काय झाले, याचे उत्तर ज्या कागदात आहे त्याला नायक नसतो. शिवाय मोडी यावी लागते. शाळेतून ती जाऊन आता दोन-तीन पिढ्या झाल्या. कागद स्कॅन करून संगणकावर चढवणे आवश्यकच आहे, पण न वाचलेल्या कागदाचा फोटो हाही न वाचलेलाच असतो.

२०२३ मध्ये मात्र अचानक मोडी वाचणाऱ्यांना भाव आला. मराठा आरक्षणाच्या प्रश्नावर निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली आणि कुणबी नोंदींसाठी तहसील कचेऱ्यांतले जुने मोडी दप्तर उलगडले जाऊ लागले. कोणी ढुंकून न पाहिलेली, गावच्या जन्म-मृत्यूंच्या नोंदींची कोतवाल बुके जिल्हाधिकाऱ्यांच्या टेबलावर आली. वाचकाला काम नेमून दिलेले: ‘कुणबी’ किंवा ‘कु’ सापडले की खूण करायची, नाव उतरवायचे, पान उलटायचे. त्याच ओळीत मयताचे वय आहे, मरणाचे कारण आहे. एका गावात एकाच महिन्यात तापाने किती माणसे गेली, हे त्या पानांवरून बोटाने मोजता येईल. तो रकाना कोणी उतरवायला सांगितलेला नाही.