दिसणारा राजा, पाहणारा राजा

राजे गेले, पण राजा पाहण्याची हौस काही गेली नाही. ६ मे २०२३ रोजी लंडनमध्ये तिसऱ्या चार्ल्सचा राज्याभिषेक झाला. या राजाची सही चालते, पण निर्णय निवडून आलेल्या सरकारचा असतो. तरीही ज्यांच्या आजोबांनी गोरा साहेब गेला म्हणून साखर वाटली होती, त्यांची नातवंडे टीव्हीसमोर बसून त्याची सोनेरी बग्गी पाहत होती. याला करमणूक म्हणून सोडून देता येईल. पण तिच्यामागे एक प्रश्न दडलेला आहे, आणि तो नीतीचा आहे. सत्ता गेलेल्या राजाने लोकांना दिसत राहायचे ते कशासाठी? आणि लोकांनी त्याला पाहत राहायचे ते तरी कशासाठी?

हा प्रश्न परक्यांचा आहे असे वाटत असेल, तर आपल्याच किनाऱ्याकडे पाहावे. आजच्या रायगड जिल्ह्यातले मुरुड, म्हसळा आणि श्रीवर्धन हे तालुके १९४८ पर्यंत जंजिरा संस्थानात होते. आपल्यातल्या कित्येकांचे आजे-पणजे नवाबाची रयत होते. तेव्हा राजा आणि रयत यांच्या नात्याचा हिशेब आपल्या घरातलाही आहे.

आधी इंग्लंडची गोष्ट. १८६१ मध्ये पती वारल्यावर व्हिक्टोरिया राणी लोकांत येईनाशी झाली. काही वर्षांतच, जी राणी दिसत नाही तिच्यावर खर्च कशाला, असे लोक उघड बोलू लागले. त्याच काळात, १८६७ मध्ये, वॉल्टर बॅजट या लेखकाने इंग्रजी राज्यव्यवस्थेचे दोन भाग पाडून दाखवले. एक भाग कारभार करतो आणि दुसरा दबदबा राखतो. राजा या दुसऱ्या भागात बसतो. म्हणजे दिसणे हेच त्याचे काम. राणीच्या दरबाराने हा धडा पुरता गिरवला. १८८७ आणि १८९७ चे ज्युबिली सोहळे ही त्याचीच फळे. पुढे १९३२ मध्ये राजा रेडिओवरून बोलला, १९५३ चा राज्याभिषेक टीव्हीवर दाखवला गेला आणि १९७० मध्ये राणी एलिझाबेथ परदेश दौऱ्यावर गाडीतून उतरून गर्दीत चालू लागली. १९९७ मध्ये डायना गेली आणि राणी काही दिवस राजधानीत आली नाही, तेव्हा प्रजा एवढी चिडली की राणीला लंडनला येऊन टीव्हीवर बोलावे लागले. तिने कायदा मोडला नव्हता. ती दिसली नाही, एवढाच तिचा गुन्हा.

दिसण्याची ही रीत साहेबाने शोधली असे मात्र नाही. अकबर बादशहा रोज सकाळी झरोक्यात उभा राहून रयतेला दर्शन देत असे. बादशहा जिवंत आहे, गादी शाबूत आहे, याची ती रोजची ग्वाही होती. दर्शन झाल्याशिवाय तोंडात घास न घालणारे लोकही होते. औरंगजेबाने आपल्या राज्याच्या अकराव्या वर्षी ही प्रथा बंद केली. माणसाने माणसाचे दर्शन घ्यावे हे त्याला पूजेसारखे वाटले. औरंगजेबाविषयी कुणाचे मत काहीही असो, इथे त्याने हात घातलेली शंका खरी आहे. दर्शनात नजर एकाच बाजूने जाते. खालचा वर पाहतो. वरचा खाली पाहतो की नाही, हे कुणी विचारत नाही.

याच्या उलट एक परंपरा आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. हजरत उमर रात्री वेश न मिरवता मदिनेच्या गल्ल्यांतून फिरत आणि कुणाची चूल पेटली नाही ते पाहत. तिथे राज्यकर्ता दिसत नाही, तो पाहतो. कौमचा सरदार हा कौमचा खादिम, हे वचन आपल्याकडे लग्नाच्या भाषणातसुद्धा ऐकवले जाते. खादिमाने आपण दिसावे म्हणून धडपडायचे नसते. कुणाला काय हवे आहे ते त्याने पाहायचे असते. दर्शन देणारा राजा आणि नजर ठेवणारा राजा, हे दोन वेगळे राजे आहेत. आता या मापाने जंजिरा मोजू.

जंजिरा हे नावच जजीरा, म्हणजे बेट, या अरबी शब्दावरून आले. हबशी मुलखातून आलेले सिद्दी तिथे राजे झाले ते राजघराण्यात जन्मले म्हणून नव्हे. ते दर्यावर्दी होते, आरमाराचे अधिकारी होते. सुरुवातीच्या काळात गादी बापाकडून मुलाकडे जाण्याचा नेम नव्हता. सिद्दी सरदारांत जो कर्तबगार, त्याच्याकडे किल्ला जाई. मोगलांनी त्यांना आरमाराची नेमणूक दिली ती व्यापारी जहाजे आणि हाजींची जहाजे सुखरूप ने-आण करण्यासाठी. म्हणजे जंजिऱ्याचा दबदबा एका कामावर उभा होता. त्या कामात लूटमार आणि जुलूमही मिसळलेला होता, हे झाकण्याचे कारण नाही. पण काम होते.

पुढे समुद्रावर इंग्रजांचा अंमल बसला आणि ते काम संपले. राज्य मात्र राहिले. १९०१ च्या शिरगणतीत या ३२४ चौरस मैलांच्या संस्थानात ८५,४१४ माणसे होती आणि त्यांत बहुसंख्य हिंदू होते. नवाबाला अकरा तोफांची सलामी होती. समुद्रातला किल्ला मागे पडून मुरुडच्या टेकडीवर राजवाडा उभा राहिला. आता नवाबालाही दिसत राहणे भाग होते, कधी प्रजेला, कधी साहेबाला.

याच काळातली एक गोष्ट मला सर्वांत बोलकी वाटते. १८७९ ते १९२२ अशी त्रेचाळीस वर्षे गादीवर असलेल्या नवाब सर सिद्दी अहमद खान यांनी मुरुडजवळच्या गारंबीच्या जंगलात धरण बांधून गावाला पाणी दिले. त्या योजनेला नाव मात्र दिले व्हिक्टोरिया ज्युबिलीचे. राणीने मुरुड कधी पाहिले नाही, मुरुडने राणीला पाहिले नाही. दिसण्यासाठी लंडनमध्ये निघालेल्या मिरवणुकीचे एक टोक असे आपल्या जंगलात येऊन पोचले. आज त्या जागेला लोक नुसते गारंबी म्हणून ओळखतात. ज्युबिली गेली, नावही गेले. नवाबाने साहेबाकडे पाहून नाव दिले, पण पाणी त्याने गावाकडे पाहून आणले होते, आणि आठवणीत पाणी उरले.

त्याच राजवाड्यातल्या नाजली बेगम १९०८ मध्ये नवाबसाहेबांबरोबर युरोपला गेल्या आणि त्यांनी उर्दूत प्रवासवर्णन लिहिले. ज्या काळात राणीवशाने दिसूच नये अशी रीत होती, त्या काळात एका बेगमने जग पाहिले आणि पाहिलेले लोकांपुढे ठेवले. माझ्या मते ही नुसत्या दिसण्यापेक्षा कितीतरी मोठी गोष्ट आहे.

तरीही शेवट काय झाला? १९४८ च्या सुरुवातीला मोहन धारिया आणि त्यांच्या तरुण साथीदारांची लोकसेना संस्थानात शिरली आणि त्याच वर्षी जंजिरा मुंबई प्रांतात विलीन झाला. राज्य रयतेचे असते, हे नवाबाला रयतेने सांगावे लागले. औंधचे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी १९३९ मध्ये गांधीजींच्या सल्ल्याने घटना करून आपल्या संस्थानाचा कारभार प्रजेच्या हाती दिला होता. त्यांनी वेळ ओळखली, कारण ते आपल्या खेड्यांकडे पाहत होते. कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी १९०२ मध्ये मागासलेल्यांसाठी निम्म्या जागा राखून ठेवल्या, आणि मुसलमान मुलांच्या शिक्षणासाठी १९०६ मध्ये तिथे मुस्लिम बोर्डिंग उभे राहिले. त्या बोर्डिंगमुळे शिकलेल्या मुलाला शाहू महाराज दिसले नसले तरी चालले असते. महाराजांना तो मुलगा दिसला होता, हे महत्त्वाचे.

१९७१ मध्ये सव्विसाव्या घटनादुरुस्तीने तनखे आणि पदव्या गेल्या. त्यानंतर महाराष्ट्रातल्या राजघराण्यांनी वेगवेगळ्या वाटा धरल्या. सावंतवाडीच्या घराण्याने गंजिफाची मरू घातलेली कला राजवाड्यात कारागिरांना जागा देऊन वाचवली. साताऱ्याचे उदयनराजे निवडणुका लढले, जिंकले आणि हरलेही. कोल्हापूरचे शाहू छत्रपती २०२४ मध्ये लोकसभेवर निवडून आले. मतपेटीपुढे उभे राहणे हे झरोक्यात उभे राहण्यापेक्षा अवघड आहे, कारण तिथे खालून वर पाहणाऱ्याच्या हातात मत असते. पण वाडवडिलांच्या नावावर मत मागणे आणि स्वतःच्या कामावर मागणे यांत फरक आहे, तो मतदाराने करायचा.

मुरुडचा राजवाडा खाजगी आहे आणि लोकांसाठी बंद असतो. किल्ला पाहून परतणारे पर्यटक रस्त्यावरून त्याचे फोटो काढतात आणि दार उघडत नाही म्हणून चुटपुटतात. मला त्यात गैर दिसत नाही. ज्याच्याकडे सत्ता नाही, तनखा नाही, तो तुमच्या-आमच्यासारखा नागरिक आहे, आणि नागरिकाला दार लावून घेण्याचा हक्क आहे. ज्याने आपल्याकडून काही घेतले नाही, त्याने आपल्याला दर्शन का द्यावे?

यावर कुणी म्हणेल, समाजाला प्रतीके लागतात. सगळेच कामाने मोजले तर माणूस कोरडा होईल. म्हाताऱ्या राणीने हात हलवला आणि हजारो लोकांना बरे वाटले, यात कुणाचे काय बिघडले? हे म्हणणे मी उडवून लावणार नाही. दुःखाच्या वेळी कुणीतरी मोठे माणूस येऊन उभे राहिले की धीर येतो. पण धीर येतो तो, आपण त्याला दिसलो, असे वाटते म्हणून. तो आपल्याला दिसला म्हणून नव्हे. प्रतीकातले खरे बळही शेवटी नजरेतच असते.

आणि इथे हा प्रश्न आपल्या दाराशी येतो. आमचा जंजिरा कुणाला जिंकता आला नाही, असे आपल्यातले काही छाती फुगवून सांगतात. दुसरीकडे, जंजिऱ्याच्या मोहिमांचा राग आजच्या कोकणी मुसलमानावर काढणारेही भेटतात. दोघांचीही चूक एकच आहे. नवाब मुसलमान होते, पण मुसलमान नवाब नव्हते. सिद्दींच्या कितीतरी आधीपासून या किनाऱ्यावर राहणारे आपले पूर्वज खलाशी होते, कुळे होती, सुपारीच्या वाडीत राबणारे होते. कोळी आणि आगरी शेजाऱ्यांसारखेच तेही सारा भरत होते. ज्या गादीवर आपण कधी बसलो नाही तिचा गर्व कशाला, आणि तिची शरम तरी का बाळगायची? तिचा हिशेब मात्र मागता येतो, तोही रयत म्हणून.

जुने नवाब गेले तरी झरोका रिकामा राहिलेला नाही. आता तो फ्लेक्सच्या आकाराचा झाला आहे. ईदच्या मुबारकबादीत चंद्रकोर लहान आणि शुभेच्छुकांचे चेहरे मोठे असतात. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ याच किनाऱ्यावर आदळले. श्रीवर्धन, दिवेआगर, मुरुडकडच्या नारळी-पोफळीच्या बागा एका दुपारी आडव्या झाल्या. पोफळीचे झाड नव्याने लावले तर उत्पन्नाला पाच-सात वर्षे सहज लागतात. अशा वेळी धान्याची पिशवी देताना घेणाऱ्याला कॅमेऱ्याकडे पाहायला लावणारा आणि रात्री गुपचूप कौले पोचवणारा, या दोघांत खादिम कोण, हे आपल्याला कुणी शिकवायला नको. उजव्या हाताने दिलेले डाव्या हाताला कळू नये, हे आपण सगळे जाणतो.

म्हणून पुढारी असो, मोहल्ल्याचा सदर असो की जुन्या घराण्याचा वारस, त्याला एकच प्रश्न विचारावा. तुम्ही आम्हाला किती वेळा दिसलात, ते राहू द्या. आमच्यातले कोण कोण तुम्हाला दिसले, तेवढे सांगा. ज्याला याचे उत्तर देता येईल, त्याचे नाव कदाचित गारंबीच्या पाण्यासारखे विसरलेही जाईल. पाणी मात्र घरोघरी पोचलेले असेल.