मला का न्हाई सांगितलं?

आमच्याकडं ख्रिस्ती घरांत एक वाक्य असं आहे, की ते उच्चारलं की पुढचं बोलणं बंद. ‘प्रभूनं मला सांगितलं.’ पोराला कुठल्या शाळेत घालायचं, पोरीचं कुठं जमवायचं, नोकरी धरायची का सोडायची, कशावरही हे वाक्य ठेवता येतं. माणूस एकदा असं म्हणाला की त्याच्याशी वाद घालणं म्हणजे देवाशीच वाद घातल्यासारखं होतं. मग पाळकसाहेबही मान डोलावतात, आणि आतून चहा येतो.

नेवासे-राहुरीच्या पट्ट्यातल्या आमच्या वस्त्यांवर देवाची इच्छा ओळखायच्या रीतीही पुष्कळ. दोन चिठ्ठ्या लिहून बायबलात ठेवायच्या, प्रार्थना करायची आणि घरातल्या लहान लेकराला एक उचलायला लावायची. याला शास्त्राचा आधारही आहे. यहूदाच्या जागी मत्थियाला निवडलं ते चिठ्ठ्या टाकूनच. काहीजण डोळे मिटून बायबल उघडतात, बोट पडेल ते वचन देवाचं उत्तर. माझ्या एका चुलतभावाचं बोट वंशावळीवर पडलं, तर त्यानं ‘नीट उघडलं नव्हतं’ म्हणून परत उघडलं. तिसऱ्यांदा त्याला हवं ते मिळालं. गिदोनानं लोकर पसरून दवाची खूण मागितली होती, तशी खूण मागणारेही आहेत, फक्त आता लोकरीच्या जागी मोबाईल आहे. सोमवारपर्यंत फोन आला तर होय, नाही आला तर नाही.

आणि विहिरीची वेळ आली की पाळकसाहेबांची प्रार्थना होतेच, पण तळहातावर नारळ घेऊन फिरणारा पाणाड्याही येतो. नारळ उभा राहिला तिथं फुली. प्रार्थना आधी का नारळ आधी, यावरून आमच्या घरात भांडण झालेलं मला आठवतं. पाणी लागलं तेव्हा श्रेय दोघांनाही वाटून दिलं. एरवी सगळा खर्च फुकट गेला असता तर दोष कोणाला दिला असता, ते काही सांगता येत नाही.

हे हसण्यावारी नेता येतं. आमच्या नानांचं तसं नेता आलं नाही.

नाना म्हणजे माझे चुलते. एका साखर कारखान्यात कारकून होते. घरात पगाराचा माणूस तेवढा एकच. एका शनिवारी घरच्या प्रार्थनेत ते साक्ष द्यायला उभे राहिले. म्हणाले, तीन रात्री झोप नाही, प्रभू मला बोलावतोय, नोकरी सोडून पूर्णवेळ सुवार्तेच्या कामाला लाग म्हणतोय. रस्त्याकडची दोन एकर विकावी, त्या पैशावर घर चालावं, असंही त्यांना दाखवण्यात आलं होतं. सांगताना त्यांचे डोळे भरून आले होते. ते खोटं बोलत नव्हते, हे मी तेव्हाही मानलं आणि आजही मानतो.

जमीन वतनाची. १९५८च्या कायद्यानं वतनं गेली आणि जमिनी कसणाऱ्यांकडं आल्या, पण नव्या शर्तीवर. कलेक्टरच्या परवानगीशिवाय विकता येत नाहीत. परवानगी मिळवणारे मिळवतात, तो प्रश्न नव्हता. प्रश्न असा होता की सातबाऱ्यावर आजोबांच्या मागं आजीचंही नाव लागलेलं होतं.

आजी कोपऱ्यात शेंगा फोडत बसली होती. साक्ष संपल्यावर सगळे ‘आमेन’ म्हणाले. आजी म्हणाली, “बाळा, प्रभूनं तुला सांगितलं. मला का न्हाई सांगितलं? अंगठा माझा लागतोय त्येला.”

कोणी काही बोलेना. पाळकसाहेबांनी आजीला समजावलं, की देव ज्याला निवडतो त्याच्याशी बोलतो. आजी म्हणाली, “व्हय की. पर ज्याच्या मानंवर जू ठिवायचंय त्येला सांगत न्हाई व्हय? आपण बैलाला बी चुचकारतो.” आणि परत शेंगा.

आजीला अक्षरओळख नव्हती, पण बायबल तिला ऐकून ऐकून पाठ होतं. मी पुढं तिचा प्रश्न हातात धरून शास्त्र वाचत गेलो, तेव्हा मला आश्चर्य वाटलं. मरीयेला देवदूतानं सांगितलं आणि तिनं होकार दिला. तेवढ्यावर भागायला हवं होतं. पण भागलं नाही. योसेफाला वेगळं स्वप्न पडलं. लोकांची बोलणी त्याला खायची होती, घर त्याला चालवायचं होतं, म्हणून त्याला स्वतंत्र सांगावं लागलं. ‘मरीया म्हणते म्हणून ऐक’ असं देवानंसुद्धा त्याला म्हटलं नाही. दिमिष्काच्या वाटेवर शौलाला प्रकाश दिसला, तो आंधळा होऊन गावात आला; पण ज्या हनन्याला या वैऱ्याच्या डोक्यावर हात ठेवायला जायचं होतं त्याला निराळा दृष्टान्त झाला. हनन्यानं कुरकुर केली, आणि त्याची कुरकुर ऐकून घेतली गेली. कैसरीयात कर्नेल्याला दर्शन झालं, तर तिकडं यापोत धाब्यावर भुकेल्या पेत्राला वेगळं झालं, कारण परक्याच्या उंबऱ्याच्या आत पाऊल टाकायचं होतं ते पेत्राला.

म्हणजे ओझं ज्याच्यावर पडणार, त्याच्याशी देव आपण होऊन बोलतो, दुसऱ्याकरवी निरोप पाठवून मोकळा होत नाही, असं आजीचं म्हणणं मला शास्त्रात जागोजाग सापडलं.

एक जागा मात्र अडते. अब्राहाम इसहाकाला घेऊन डोंगरावर गेला तेव्हा साराला विचारलं होतं का? उत्पत्तीच्या बाविसाव्या अध्यायात तिचं नावही नाही. तेविसाव्यात ती मरते. मी हे एका थोर उपदेशकांना विचारलं तर त्यांनी विश्वासावर अर्धा तास सांगितलं, साराबद्दल एक शब्द नाही. आजीला विचारलं तर ती म्हणाली, “म्हणून तर मेली आसंल.” दोन्ही उत्तरांनी माझं समाधान झालेलं नाही. तरी मला आजीचं जवळचं वाटतं.

नगरच्या ख्रिस्ती माणसानं हा विषय काढला आणि टिळकांचं नाव घेतलं नाही, असं होत नाही. जिल्ह्याचं नाव आता अहिल्यानगर झालं, पण अमेरिकन मिशन इथं आलं ते १८३१ साली, आणि आमच्या मंडळ्यांत अजून रविवारी जी भजनं म्हटली जातात त्यांतली कितीतरी नारायण वामन टिळकांची. टिळक १० फेब्रुवारी १८९५ला मुंबईत ख्रिस्ती झाले. रेल्वेत एका अनोळखी प्रवाशानं हातात दिलेला नवा करार, मग कित्येक महिन्यांचं वाचन, मनातली ओढाताण, हे सगळं झाल्यावर. त्यांना आलेली हाक खरी होती, याबद्दल मला शंका नाही. पण लक्ष्मीबाई माहेरच्या माणसांत होत्या, पदरी लहानगा दत्तू होता, आणि बाप्तिस्मा झाल्याचं त्यांना कळलं ते होऊन गेल्यावर. नवरा जिवंत असून नसल्यासारखा, आणि लोकांच्या नजरा. ‘स्मृतिचित्रे’त त्यांनी ते लिहून ठेवलं आहे, तेही हसत हसत, वाचताना आपल्यालाच हसायची लाज वाटते.

लक्ष्मीबाई ख्रिस्ती झाल्या १९०० साली. मधल्या वर्षांत त्या टिळकांजवळ राहायलाही आल्या, पण सोवळं-ओवळं सांभाळून, वेगळी चूल मांडून. टिळकांचा अधिकार, त्यांचं पांडित्य, त्यांची कविता, यांतल्या कशानं त्या बदलल्या नाहीत. एके दिवशी त्यांनी स्वतःच्याच मनाशी विचार केला, की या जाती देवानं केल्या का माणसानं? त्याचं उत्तर त्यांचं त्यांना सापडलं, तेव्हा कोणाच्याही हातचं पाणी त्यांना चालू लागलं. म्हणजे टिळकांना आलेली हाक लक्ष्मीबाईंच्या दारात पोचायला पाच वर्षं लागली, आणि ती आली तेव्हा टिळकांच्या आवाजात आली नाही. पुढं १९१७ला टिळकांनी मिशनची नोकरी सोडली, संन्यास घेतला आणि साताऱ्याला ‘देवाचा दरबार’ मांडला. संन्याशाच्या घरचं दळण-कांडण कोण बघतं हे काही वेगळं सांगायला नको. मी टिळकांची भजनं गातो. पण १८९५च्या त्या दिवसाबद्दल मी आजीच्या बाजूनं उभा राहतो.

काही लोक म्हणतील, सगळ्यांना विचारत बसलं तर देवाचं काम कधी व्हायचं? हा आक्षेप खोटा नाही. घरच्यांच्या होकाराची वाट बघत कित्येकांचं आयुष्य सरतं. बायामाणसांचं तर सरतंच. स्वतःचं सुख सोडून कोणी निघाला तर त्यानं निघावं. तिथं परवानगी कसली? पण दुसऱ्याच्या ताटातली भाकरी उचलून ‘ही देवानं मागितली’ म्हणायचं, तिथं थांबावं. त्या दुसऱ्यालाही ऐकू येईपर्यंत.

आजीनं हे कुठून आणलं, ते मला तिच्या शेवटच्या वर्षांत कळलं. छप्पनच्या दुष्काळात, म्हणजे १८९९-१९००ला, आमच्या वस्तीतली घरं ख्रिस्ती झाली. भाकरीसाठी बाटले, असं अजून कोणी रागात म्हणतं. आजी म्हणायची, “भूक लागल्यावर देवाकडं जायचं न्हाई, तर मग कवा?” पण पुढं ती हेही सांगायची, की निर्णय पंचांनी केला, पुरुषांनी. “माझ्या आजीच्या डोस्क्यावर पाणी घातलं तवा तिला कुणी इचारलं न्हाई. ती बाप्तिस्म्याला ख्रिस्ती झालीच न्हाई. मागनं झाली. तिचं धाकटं पोर देवीत गेलं, तवा बायबल-बाई तिच्यापाशी तीन रात्री नुसती बसून राहिली, उपदेश न करता. तवा झाली. तिच्या टायमानं.”

नानांचं असं झालं की जमीन विकली गेली नाही. आजीनं अंगठा दिला नाही. ‘मी इचारून बघती प्रभूला’ म्हणाली आणि रोज पहाटे खरोखरच विचारत राहिली. महिना, दोन महिने, अख्खा हंगाम. रोज सकाळी नाना तिच्या तोंडाकडं बघायचे. वर्षभरानं त्यांनी नोकरी सोडलीच, जमीन न विकता. सायकलवर वस्त्या-वस्त्या हिंडले. त्यांच्यामुळं निदान चार घरांतली दारू सुटली, त्या घरच्या बाया अजून त्यांचं नाव काढतात. आणि त्याच काळात आमची नानी रोजानं कांदे खुरपायला जात होती, पोरांच्या फीसाठी.

मी नानीला एकदा सरळ विचारलं, नानांना खरंच हाक आली होती का? ती कांद्याच्या पाती कापत होती. म्हणाली, “आली आसंल की. चार घरं सुधारली, ती का उगं? पर तो आवाज आमच्या दारावरनंच गेला आसता, तर म्या बी उठून बघितलं आसतं. मला तर सकाळी कळलं, पिशवी भरल्यावर.” राग नव्हता तिच्या बोलण्यात. खुरप्याचा घट्टा मात्र हाताला अजून आहे.

सध्या आमच्या घरात नव्या पिढीचं चाललंय. नानांची नात नर्सिंग झाली, जर्मनीला जायचं म्हणते. भाषेच्या क्लासची फी मोठी आहे, आणि परत त्या दोन एकरांचं नाव निघालंय. गेल्या रविवारी उपासनेनंतर सगळे ओट्यावर बसलो. पाळकसाहेब, आता नवे आहेत, म्हणाले, प्रार्थना करू, प्रभू मार्ग दाखवील. प्रार्थना झाली. मग नानीनं पोरीला विचारलं, “तुला काय वाटतं ते आधी सांग.” पोरगी म्हणाली, “आजी, मला अजून काहीच कळंना.” नानी म्हणाली, “मग आमाला तरी कसं कळंल?” फॉर्मची तारीख पंधरा आहे. तोवर नानीनं सातबारा ट्रंकेतून काढून बायबलाखाली ठेवलाय, आणि जो येईल त्याला ती विचारते, “तुला काय सांगितलं का रं त्यानं?”